भाड्याच्या घराची बैठक: खण, चौकडा आणि ठिपके वापरून कमी खर्चात सजावट

भाड्याच्या वन बीएचकेमधली बैठकीची खोली बहुतेक ठिकाणी सारखीच असते. दहा बाय चौदाची जागा, क्रीम रंगाच्या चकचकीत फरश्या, बिस्किटी डिस्टेंपरच्या भिंती, घरमालकाने ठेवून दिलेला तपकिरी सोफा, ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आणि डोक्यावर पांढराफटक एलईडी ट्यूब. नवीन माणूस अशा घरात राहायला आला की आधी बाजारात जातो आणि सुट्या वस्तू घेऊन येतो: एक फुलदाणी, दोन फ्रेमा, बुद्धाचा मुखवटा, झालंच तर लाल रंगाची एक उशी. वस्तू चांगल्या असतात, पण खोली होती तशीच राहते आणि पसारा तेवढा वाढतो.

असं होण्याचं कारण साधं आहे. डोळ्यात भरतात त्या मोठ्या गोष्टी, म्हणजे भिंत, खिडकी, सोफा आणि फरशी. पैसे मात्र तळहाताएवढ्या वस्तूंवर गेलेले असतात. म्हणून क्रम उलटा धरावा: आधी कापड, मग उजेड, मग भिंत, आणि वस्तू अगदी शेवटी. या लेखात हाच क्रम ठेवला आहे. उदाहरणासाठी वर सांगितलेलीच खोली धरली आहे आणि नक्षी आपल्याकडे सहज मिळणारी घेतली आहे.

बाजारात जाण्याआधी

मोजपट्टी घेऊन खिडकीची रुंदी, खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासून उंची, सोफ्याची लांबी आणि मोकळ्या भिंतीची रुंदी लिहून काढा. सगळी मापं इंचांतच लिहा. कापड मीटरवर मिळतं, शिंपी इंचात बोलतो आणि खिडकीवाला फुटात, त्यामुळे घोळ होतो तो इथेच. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, एक मीटर म्हणजे साधारण ३९.४ इंच, एवढं हाताशी असलं की पुरे.

भिंतींचे फोटो काढून ठेवा. आधीच्या भाडेकरूचे खिळे, ओल आलेले कोपरे, पोपडे, सगळं दिसू द्या. घर सोडताना डिपॉझिटचा विषय निघतो तेव्हा हे फोटो कामाला येतात. पडद्याच्या दांडीसाठी भोकं पाडायची परवानगीही याच वेळी घ्या आणि ती व्हॉट्सॲपवर लेखी असू द्या.

शेवटची चाचणी भिंतीची. कोरडा तळहात भिंतीवर दाबून फिरवा. हाताला पांढरी भुकटी लागली तर भिंतीला साधं डिस्टेंपर आहे. अशा भिंतीवर चिकटणारे हुक टिकत नाहीत. हुकाचा गोंद रंगाला धरतो, पण रंगच भिंतीला धरून नसतो, म्हणून हुक पडतो आणि सोबत पोपडाही घेऊन येतो. या भिंतीवर पुढची योजना खिळ्यांचीच करावी लागेल.

आधी एक कापड ठरवा

रंग ठरवायला रंगांच्या कार्डापासून सुरुवात करू नका. असं एक नक्षीचं कापड शोधा ज्यात तीन-चार रंग आधीच एकत्र नांदत आहेत, आणि बाकी खोलीचे रंग त्यातून उचला. विणकराने किंवा छापणाऱ्याने रंगांची जोडणी करून ठेवलेली असते, तेवढं काम आपलं वाचतं.

आपल्याकडे यासाठी पर्याय भरपूर आहेत. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण: गडद जमीन, त्यावर बारीक बुट्टी आणि दोन्ही बाजूंना काठ. त्याच जिल्ह्यातल्या इरकलचा बारीक चौकडा. सोलापूरची जेकॉर्ड विणीची चादर, जिची नक्षी मोठी आणि दोन-तीन रंगांतच असते. गोव्याच्या कुणबी साडीचा लाल-पांढरा चौकडा. तपकिरी सोफ्याशी गडद जांभळा, हिरवा किंवा मोरपंखी छान जातो. मरून रंग मात्र सोफ्यात विरून जातो आणि खोली अंधारी वाटते, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही.

रंगांचं प्रमाण रुपयाच्या जुन्या हिशेबाने धरा. दहा आणे शांत रंग, म्हणजे भिंत, फरशी आणि पडद्याचं मूळ कापड. चार आणे दुसरा रंग, म्हणजे सतरंजी, सोफ्यावरची चादर, दोन-तीन अभ्रे. उरलेले दोन आणे ठसठशीत रंग, म्हणजे खणाचा पट्टा, दिव्याची टोपी, भिंतीवरची फळी. हे दोन आणे खोलीत तीन वेगवेगळ्या जागी विभागलेले दिसले पाहिजेत. एकाच कोपऱ्यात साठले तर तो कोपरा तेवढा सजलेला दिसतो आणि बाकी खोली उघडी पडते.

तीन नक्ष्या, तीन आकार

एका खोलीत तीन नक्ष्या सुखाने राहतात, अट एवढीच की त्यांचे आकार वेगळे असावेत आणि तिघींत एक रंग सामाईक असावा. मोठी नक्षी म्हणजे जिचा एक फेरा, म्हणजे तीच नक्षी पुन्हा सुरू होईपर्यंतचं अंतर, आठ इंचांहून मोठा, उदाहरणार्थ सोलापुरी चादर. मधली म्हणजे दोन ते चार इंचांची, जसा रुंद चौकडा किंवा ठशांनी छापलेलं फूल. बारीक म्हणजे नखाएवढी, खणाची बुट्टी किंवा इरकलचा चौकडा.

नक्ष्या एकमेकींच्या अंगावर येतात त्या दोघींचा आकार सारखा असला की. दोन इंचांच्या फुलाशेजारी दोन इंचांची कैरी ठेवली तर डोळा कुठे ठरतच नाही. हेच फूल नखाएवढ्या बुट्टीशेजारी ठेवा, दोन्ही आपापल्या जागी दिसतात.

दुकानात तपासायची पद्धत अशी: तिन्ही कापडं गादीवर एकावर एक अर्धवट उलगडायला सांगा आणि आठ पावलं मागे जा. बारीक नक्षी लांबून सपाट रंगासारखी दिसायला हवी, मोठी ओळखू यायला हवी. मग दुकानदाराला सांगून तिन्ही तुकडे दाराशी, दिवसाच्या उजेडात न्या. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली मोरपंखी आणि निळा यांतला फरक कळत नाही, पिवळट दिव्याखाली तर निळा चक्क काळपट दिसतो.

कापड घेताना

पहिला प्रश्न भावाचा नसून पन्ह्याचा असावा. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. साधं सुती कापड बहुधा ३६ किंवा ४४ इंच पन्ह्याचं, पडद्याचं कापड ४८ किंवा ५४ इंचांचं. जुन्या पद्धतीचा खण मात्र अरुंद असतो, साधारण ३०-३२ इंच. १५० रुपये मीटरचं अरुंद कापड २०० रुपये मीटरच्या रुंद कापडापेक्षा महाग पडू शकतं, कारण शिवताना जोड द्यावे लागतात आणि शिवणावळ वाढते.

दुसरी तपासणी धाग्याची. कडेचे दोन-चार धागे ओढून काडीने जाळा. जळालेल्या कागदासारखा वास आणि बोटाने चुरडली जाणारी राख म्हणजे सूत. वितळून टणक मणी झाला तर पॉलिस्टर. खण म्हणून विकलं जाणारं बरंचसं कापड आता मिश्र धाग्याचं असतं. अभ्र्याच्या दर्शनी पट्ट्याला ते चालतं, उलट कमी चुरगळतं. बसायच्या गादीवर मात्र नको, उन्हाळ्यात अंगाला चिकटतं.

तिसरी तपासणी रंगाची. पांढरा रुमाल ओला करून कापडावर दहा वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर ते कापड पांढऱ्याशेजारी शिवू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, त्याच्यावर विसंबू नका. तयार कापडाचा कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही. वरचा सुटा रंग निघून जाईपर्यंत गार पाण्यात वेगळं धुणं, एवढंच हातात असतं.

पुण्यात रविवार पेठेतला कापडगंज आणि लक्ष्मी रोड, मुंबईत मंगलदास मार्केट आणि दादरचा हिंदमाता परिसर या ठिकाणी एका फेरीत सगळं मिळतं. थानाच्या शेवटी उरलेला तुकडा विचारा, त्याला कटपीस म्हणतात. अभ्र्यांना एक-दीड मीटरचा कटपीस पुरतो आणि तो स्वस्तात सुटतो.

घरी आणलेलं सुती कापड कापण्याआधी एकदा भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. सूत साधारण तीन ते पाच टक्के आटतं, मांजरपाट, म्हणजे जाडसर कोरं सुती कापड, त्याहूनही जास्त. ही पायरी गाळली तर पहिल्या धुण्यानंतर पडदा जमिनीपासून तीन-चार इंच वर चढतो आणि मग त्याला उपाय नाही.

पडदे: खर्च इथे करा

पूर्ण खोलीत एकच गोष्ट नीट करायची असेल तर ती पडदा. तयार मिळणारे पडदे खिडकीच्या मापाचे घेतले जातात, दांडी चौकटीला टेकून बसवली जाते आणि खिडकी आहे त्याहून लहान दिसते. दांडी चौकटीच्या सहा इंच वर आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच बाहेर काढा. पडदा उघडला की तो काचेवर न राहता भिंतीवर सरकतो, उजेड पूर्ण येतो आणि खिडकी मोठी भासते.

हिशेब करून पाहू. खिडकी ४८ इंच रुंद, तिची वरची कड जमिनीपासून ८४ इंचांवर. म्हणजे दांडी ६४ इंच लांब आणि ९० इंच उंचीवर. चुण्या नीट पडायला कापडाची एकूण रुंदी दांडीच्या किमान दीडपट हवी, पावणेदोनपट असेल तर उत्तम. ५४ इंच पन्ह्याचे दोन पडदे म्हणजे १०८ इंच, जवळजवळ १.७ पट, छान. ४४ इंच पन्ह्याचे दोन घेतले तर ८८ इंच होतात, पडदा बंद केल्यावर दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखा सपाट दिसतो. अशा वेळी तीन पाट, म्हणजे पडद्याच्या लांबीचे तीन तुकडे, घ्या आणि तिसरा मधोमध उभा फाडून दोन्ही पडद्यांना अर्धा अर्धा जोडा. जोड भिंतीकडच्या बाजूला ठेवा, मध्ये नको.

लांबीचा हिशेब: तयार पडदा ९० इंच, वरच्या कॅनव्हास पट्टीसाठी आणि खालच्या दुमडीसाठी प्रत्येकी साडेचार, मिळून ९९. आधी भिजवणार असाल तर आटण्यासाठी चार टक्के जास्त, म्हणजे १०३ इंच. दोन पडद्यांचे २०६ इंच, म्हणजे सव्वापाच मीटर. साडेपाच मीटर घ्या. मोठ्या नक्षीचं कापड असेल तर दोन्ही पडद्यांवर फूल एकाच उंचीवर यायला हवं, म्हणून प्रत्येक पडद्याची लांबी नक्षीच्या फेऱ्याच्या पटीत वाढवावी लागते. १६ इंचांचा फेरा असेल तर १०३ ऐवजी ११२ इंच. दर पडद्यामागे नऊ इंच वाया. हे टाळायचं असेल तर पडद्याला साधं कापड किंवा बारीक नक्षी घ्या आणि मोठी नक्षी सोफ्यावर ठेवा. कमी खर्चात हेच शहाणपणाचं.

सगळ्यांत स्वस्त आणि तरीही देखणा पर्याय म्हणजे ब्लीच न केलेला, मूळ रंगाचा मांजरपाट आणि त्याला आतल्या उभ्या कडेला तीन इंचांचा इरकली किंवा खणाचा काठ. काठ लावण्याआधी दोन्ही कापडं आटवून घ्या. एक आटलं आणि दुसरं नाही, तर शिवणीला सुरकुत्या पडतात आणि त्या इस्त्रीने जात नाहीत.

घरात जुनी सुती साडी असेल तर काम आणखी सोपं. साडेपाच मीटर साडीतून ९९ इंचांचे दोन पाट निघतात आणि वर अर्धा मीटर उरतो. साडीचे काठ उभे येतात, त्यामुळे बाजूच्या दुमडी घालाव्या लागत नाहीत. मात्र साडी उजेडाला धरून घडीच्या रेषा पाहा. तिथे सूत विरलेलं असेल तर मागे मांजरपाटाचं अस्तर लावल्याशिवाय टांगू नका, उन्हाने आणखी फाटते. रेशमी साडी, पैठणी वगैरे, खिडकीत कधीच नको. रेशीम उन्हाने विटतं आणि कुजतंही.

शिंप्याला देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, रिंगा सम संख्येत, या मापाला दर पडद्यात १०, म्हणजे दोन रिंगांत सव्वापाच इंच येतील. विषम संख्या झाली तर पडद्याची एक कड भिंतीकडे वळते आणि दुसरी खोलीत तोंड काढून बसते. दोन, खालची दुमड पूर्ण चार इंच. वजनाने पडदा सरळ पडतो. तीन, खालची दुमड आधी कच्ची टाचून द्यायची, पडदा दोन दिवस टांगून मग पक्की शिवायची, कारण सैल विणीचं कापड स्वतःच्या वजनाने लांबतं.

दांडी बसवताना खिडकीवर बहुधा काँक्रीटची लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, असते. साधं ड्रिल तिथे नुसतं फिरत राहतं, हॅमर ड्रिल लागतं. भोक ६ मिलिमीटरचं, त्यात प्लग आणि ३५ मिलिमीटरचा स्क्रू. ६४ इंचांच्या दांडीला मध्ये तिसरा आधार द्या, दोन पडदे आपापल्या बाजूलाच सरकतात म्हणून तो आड येत नाही. स्विचबोर्डाच्या सरळ रेषेत वर वायर असू शकते, तिथे भोक नको. खिडकीखाली सोफा असेल तर जमिनीपर्यंतचा पडदा मागे चेपतो आणि मळतो, तो कट्ट्याखाली सहा इंचांवर संपवा.

अभ्रे

उशांना भरलेल्या आतल्या पिशव्या १६ इंचांच्या घ्या, १२ इंचांच्या सोफ्यावर खेळण्यासारख्या दिसतात. तीन माणसांच्या सोफ्यावर पाच ठेवल्या तर बसायला जागा उरत नाही, तीन पुरेत. दिवाण असेल तर मागे दोन लोड आणि पुढे दोन उशा.

चेन नको असलेला, मागून पाकिटासारखा उघडणारा अभ्रा नवख्यालाही जमतो. ४४ इंच पन्ह्याच्या कापडाची १७ इंचांची एक पट्टी घ्या. तिच्यातून १७ बाय १७ चा पुढचा भाग आणि १७ बाय साडेअकराचे मागचे दोन भाग निघतात, एकूण ४० इंच. उरलेले चार इंच बाजूच्या किनारीसाठी जातात. मागच्या दोन्ही भागांची १७ इंचांची एक-एक कड इंचभर दुमडून शिवा. पुढचा भाग सुलट बाजू वर ठेवून त्यावर मागचे दोन्ही भाग उलटे ठेवा, ते मधे चार इंच एकमेकांवर येतील. चारी बाजूंनी अर्धा इंच सोडून शिवा, कोपरे तिरपे छाटा, उलटवा. तीन अभ्र्यांना ५१ इंच, म्हणजे दीड मीटर कापड पुरेसं.

उशी ढिली, पोचट दिसत असेल तर दोष कापसाचा नसून मापाचा असतो. तयार अभ्रा आतल्या पिशवीपेक्षा एक इंच लहान हवा, म्हणजे १७ ऐवजी १६ इंचांवर कापा.

खणाचा अभ्रा पूर्ण खणाचा करण्यात पैसे घालवू नका. मधे खणाचा ९ इंच रुंद पट्टा आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच इंच साधं कापड, सगळे १७ इंच लांब. चार शिवणकडांचे दोन इंच गेले की बरोबर १७ इंच उरतात. ३१ इंच पन्ह्याच्या अर्ध्या मीटर खणातून असे तीन पट्टे निघतात, त्यांपैकी कडेच्या दोघांना काठ येतो. हे दोन दर्शनी ठेवा, मधला तिसऱ्या उशीला. खणाचे धागे कापल्यावर भरभर सुटतात, म्हणून शिवण्याआधी कडांना झिगझॅग मारून घ्या. पूर्ण खणाच्या तीन उशा एका ओळीत मांडल्या तर खोली लग्नघराच्या बैठकीसारखी भासू लागते, पट्ट्याने ते टळतं.

जमीन

थोडक्यात सांगायचं तर सतरंजी किंवा दरी घ्या आणि लहान घेऊ नका. तीन बाय पाच फुटांची दरी खोलीच्या मध्ये ठेवली की फरशीवर पडून राहिल्यागत दिसते. चार बाय सहा किंवा पाच बाय सात घ्या आणि सोफ्याचे पुढचे पाय तिच्यावर येऊ द्या. चकचकीत फरशीवर सुती दरी सरकते, वयस्क माणसं घरात असतील तर खाली रबराची जाळी घातल्याशिवाय वापरूच नका.

भिंत: ठिपक्यांची फळी

भाड्याच्या भिंतीवर थेट नक्षी काढू नका, फळीवर काढा. फळी पुढच्या घरी सोबत येते. वॉलपेपर आणि मोठे स्टिकर यांचं तर आपल्या पावसाळ्याशी जमतच नाही. मागे ओल धरली की फुगतात आणि काढताना बुरशीचा काळा नकाशा दिसतो.

सगळ्यांत सोपी आणि नेमकी नक्षी म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. मधे ७ आणि शेवटी ४ ठिपक्यांची मांडणी घेऊ: ४, ५, ६, ७, ६, ५, ४, मिळून ३७ ठिपके. ठिपक्यांत दोन इंच अंतर ठेवलं तर नक्षी १२ इंच रुंद होते आणि ओळींत पावणेदोन इंच ठेवलं तर साडेदहा इंच उंच. १८ बाय १८ इंचांची, ६ मिलिमीटर जाडीची प्लायवूड फळी त्यासाठी योग्य.

कडा आणि पृष्ठभाग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, भुकटी ओल्या फडक्याने पुसा. दोन्ही बाजूंना प्रायमरचा एक हात द्या. मागची बाजू कोरी सोडली तर पावसाळ्यात ती ओल ओढते, रंगवलेली ओढत नाही, आणि फळी पळीसारखी वाकते. प्रायमर रात्रभर वाळू द्या. मग गेरूच्या रंगाच्या ॲक्रेलिक इमल्शनचे दोन हात, दोन्हींच्या मध्ये चार तास. खरा गेरू वापरायचा असेल तर त्यात पांढरा गोंद हवाच. वाळल्यावर बोट घासून पाहा, बोट तांबडं झालं तर गोंद कमी पडला.

ठिपके नजरेने टाकू नका. रांगोळीवाल्याकडे भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद मिळतो. नाहीतर जाड कागदावर मोजून खुणा करा आणि उदबत्तीने भोकं पाडा. कागद फळीवर मास्किंग टेपने चिकटवा, रांगोळीची चिमूट भोकांवर फिरवा, कागद सरळ वर उचला. बाजूला सरकवलात तर ठिपक्यांना शेपट्या फुटतात. प्रत्येक खुणेवर काडेपेटीच्या काडीच्या मागच्या टोकाने पांढऱ्या ॲक्रेलिकचा ठिपका ठेवा. काडी दर ठिपक्याला रंगात बुडवा, तरच सगळे सारख्या आकाराचे येतात. दोन तासांनी सुटी रांगोळी मऊ ब्रशने झटका आणि दोन नंबरच्या गोल ब्रशने रेषा जोडा. रेषा फाटत असेल तर रंग घट्ट आहे, दोन थेंब पाणी घाला. ओघळत असेल तर ब्रश कागदावर एकदा टेकवून जास्तीचा रंग काढा. मधल्या ठिपक्यापासून बाहेर जात चला, म्हणजे हात ओल्या रेषेवर पडत नाही.

वारली नक्षीचा मोह सगळ्यांनाच होतो. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली त्याच्याही बऱ्याच आधीपासून ही चित्रं शहरी भिंतींवर आली आहेत. पण वारली घरात लग्नचौक (लग्नाच्या वेळी भिंतीवर काढतात ते चौकोनी चित्र) लग्नविधीचा भाग म्हणून सुवासिनी लिहितात, तो सोफ्यामागे सजावट म्हणून उतरवणं बरं नाही. चित्र हवंच असेल तर पालघर जिल्ह्यातल्या चित्रकारांकडून छोटं का होईना, अस्सल विकत घ्या.

फळी टांगताना मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेला. भारतीय बैठक असेल, लोक खालीच बसत असतील, तर तो ४५ ते ४८ इंचांवर आणा. सोफ्यामागे लावत असाल तर मात्र फळीची खालची कड सोफ्याच्या पाठीपासून सहा ते आठ इंच वर, त्याहून उंच गेली की फळी आणि सोफा यांचा संबंध तुटतो. सोफा सहा फुटांचा आणि फळी दीड फुटाची असेल तर ती एकटी हरवते. अशा दोन-तीन फळ्या तीन इंच अंतराने लावा, किंवा शेजारी इरकलच्या पदराची चौकट.

गोधडी टांगायची असेल तर चिमटे नकोत. वरच्या कडेला मागून चार इंच रुंद कापडी बोगदा हाताने शिवा आणि त्यातून दांडी घाला, म्हणजे वजन पूर्ण रुंदीवर विभागतं.

उजेड

ट्यूब काढू नका, तिला अभ्यासासाठी आणि झाडलोटीसाठी ठेवा. संध्याकाळसाठी दोन वेगळे दिवे घ्या. बल्बच्या खोक्यावर ‘के’ अक्षरापुढचा आकडा वाचा: ६५०० म्हणजे निळसर पांढरा, २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर. ९ वॅटचे दोन ३००० केचे एलईडी या खोलीला पुरतात. एक सोफ्याच्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर, दुसरा समोरच्या कोपऱ्यात. दोन्हींचा आकडा एकच हवा, नाहीतर एक बाजू आजारी दिसते.

दिव्याला टोपी म्हणून बुरूड आळीतली साधी बांबूची टोपली उलटी टांगा. विणीतून भिंतीवर पडणारी जाळी ही फुकटची नक्षी असते. आत एलईडीच लावा, तारेचा जुना बल्ब नको, तो तापतो. बल्ब आणि बांबू यांत तीन-चार इंच जागा ठेवा आणि वायरला मधे उघडा जोड असू देऊ नका.

वस्तू शेवटी

इथवर आल्यावर लक्षात येतं की फारशा वस्तू लागतच नाहीत. एक पितळी घंगाळ किंवा तांब्या, एक कुंडी, एखादं सावंतवाडीचं लाकडी फळ. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा तांबट आळीत फेरी मारली तर काहीतरी सापडतंच. घंगाळात झाड लावायचं असेल तर आत प्लास्टिकची कुंडी ठेवा, ओली माती आणि खत थेट लागलं की पितळेला हिरवे डाग पडतात. लाखेचा चकचकीत हात दिलेलं नवं पितळ चिंचेने घासू नका, थर ठिकठिकाणी निघतो आणि मग ते डागाळलेलंच राहतं.

पैशांची वाटणी अशी धरा. दहा हजार असतील तर पडदे, दांडी आणि शिवणावळीला साडेचार, अभ्रे आणि उशांना दीड, दिव्यांना दीड, सतरंजीला दीड, फळीला पाचशे आणि वस्तूंना पाचशे. कमी पडले तर सतरंजी पुढच्या पगारावर ढकला. शिवणावळ वाचवू नका, वाकडा शिवलेला महाग पडदा हा नीट शिवलेल्या मांजरपाटापेक्षा वाईट दिसतो.

पावसाळ्यात फळ्या आणि चौकटींच्या मागे चारी कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे पातळ काप चिकटवून त्या भिंतीपासून सुट्या ठेवा. घर सोडताना चिकटलेले हुक ओढू नका, केस वाळवायच्या यंत्राने अर्धा मिनिट गरम करून खालच्या दिशेने हळूहळू काढा. खिळ्यांची भोकं पुट्टीने भरून, वाळल्यावर घासून घ्या. पडद्यांची चार इंचांची दुमड मात्र उसवून ठेवा, पुढच्या घरातली खिडकी उंच निघाली तर तेवढी लांबी हाताशी असते.